रोहिणीचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे राहू द्या. नदीच्या बाबतीत महाबळेश्वरला गेलेला प्रत्येक जण ही म्हण मोडूनच परततो. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा आणि सावित्री शेजारशेजारच्या मुखांतून निघतात असे मानले जाते. पुढे एक पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागराला मिळते, दुसरी सह्याद्री उतरून कोकणातून अरबी समुद्र गाठते. उगमाशी अंतर हातभराचे, पण पुढचा मुलूख सगळा वेगळा. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांचेही असेच असते, फक्त तिथे अंतर काही मिलिमीटरांचे असते. क्वचित एखाद्या मुलात त्यांतली एक वाहिनी जन्मतःच चुकीच्या जागेवरून निघते. मूल वाढते, खेळते, शाळेच्या संघात निवडले जाते आणि एक दिवस मैदानावर कोसळते. आधी कधी तपासणी झाली असेल, तर कपाटातल्या फाइलमध्ये ‘नॉर्मल’ असे लिहिलेले कागद सापडतात. ते कागद खोटे नसतात. हृदय कसे चालते एवढेच त्या तपासण्यांना विचारलेले असते; वाहिनी कुठून निघते हे कोणी विचारलेलेच नसते. या विकारात तो प्रश्न विचारायला भाग पाडणारी गोष्ट बहुधा यंत्रातून येत नाही, ती मुलाच्या किंवा त्याच्या आईच्या तोंडच्या एखाद्या वाक्यातून येते. ते वाक्य ऐकून घेण्याची सवय आपल्याला नाही, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी रचना समजून घेऊ. शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीला मराठी शास्त्रीय लेखनाने ‘रोहिणी’ हे देखणे नाव दिले, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी ती हृद्‌रोहिणी. दवाखान्यात मात्र सगळे ‘कोरोनरी’च म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून अंगठ्याहून जाड महारोहिणी वर निघते. तिच्या बुडाशी झडपेच्या तीन पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीमागे फुगीर खिशासारखी एक खोबण असते. वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव या खोबणींना आहे. तीनपैकी दोन खोबणींच्या भिंतीत एकेक छिद्र असते. डाव्या खोबणीतून डावी हृद्‌रोहिणी निघते, उजवीतून उजवी. तिसरी खोबण रिकामी. डावीचे मुख्य खोड जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. ते थोडेसे पुढे जाऊन दुभंगते, आणि हृदयाच्या ज्या कप्प्यावर साऱ्या शरीराची भिस्त असते त्याचा बहुतांश भाग त्याच्यावर जगतो. स्वतःसाठी महारोहिणीतून सर्वांत आधी रक्त काढून घेणारा हा अवयव तरीही हातावर पोट असलेल्या माणसासारखा असतो. शरीराचे इतर भाग आलेल्या रक्तातला साधारण चौथा हिस्सा प्राणवायू काढून घेतात. हृदयाचा स्नायू आरामातही सत्तर टक्क्यांच्या आसपास काढतो. म्हणजे गाठीला काही उरत नाही. धावताना गरज वाढली की रक्तच जास्त यावे लागते, चौपट-पाचपट. त्यात आणखी एक अडचण. डाव्या कप्प्याचा स्नायू आकुंचन पावताना स्वतःच्याच वाहिन्या आवळतो, त्यामुळे त्याला मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात रक्त मिळते, आणि वेगाने धावताना आखडतो तो नेमका हा विसावाच.

या वाहिन्यांच्या जन्मजात वेगळेपणाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण त्यातले बहुतेक निरुपद्रवी. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या १,२६,५९५ अँजिओग्राफी यामानाका आणि हॉब्ज यांनी १९९० मध्ये तपासल्या. त्यांना १,६८६ जणांत, म्हणजे १.३ टक्के लोकांत, असे वेगळेपण आढळले, आणि त्यातले पाचपैकी चार कोणाचे काही बिघडवणारे नव्हते. डाव्या रोहिणीच्या दोन फांद्या खोडाशिवाय वेगवेगळ्या छिद्रांतून निघणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार. एखादी फांदी उजव्या बाजूने निघून महारोहिणीच्या मागून वळसा घेते, तीही आयुष्यभर निमूट काम करते. काहींमध्ये वाहिनी स्नायूत जिरण्याऐवजी थेट हृदयाच्या कप्प्यात उघडते. असे छिद्र लहान असेल तर त्याच्या वाटेला जायचे कारण नसते. म्हणून चाळिशीतल्या कोणाच्या अँजिओग्राफीच्या अहवालात ‘उगम वेगळा’ असे दिसले की घरादाराची झोप उडण्याचे कारण नाही. भीती बाळगावी असे प्रकार मोजकेच, आणि त्यातले दोन या लेखाच्या केंद्रस्थानी आहेत. पहिल्यात डावी हृद्‌रोहिणी चुकून उजव्या खोबणीतून निघते. दुसऱ्यात ती महारोहिणीतून निघतच नाही. फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीतून निघते.

पहिल्या प्रकारात उजवीकडून निघालेल्या वाहिनीला डावीकडे यायचे असते. ती कधीकधी दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधल्या बोळातून येते. १९७४ मध्ये चिटलिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी लष्कराच्या विकृतिशास्त्र संस्थेतली अशी हृदये अभ्यासली. दोन्ही रोहिण्या उजव्या खोबणीतून निघणाऱ्या ३३ जणांपैकी ९ जण अचानक मेले होते, आणि ते कोवळ्या वयाचे होते. त्या काळचे स्पष्टीकरण सोपे आणि पटणारे होते: धावताना दोन्ही मोठ्या वाहिन्या फुगतात आणि मधली रोहिणी चिमट्यात सापडते. ते पूर्ण खरे मात्र नव्हते. फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिनीतला दाब इतका कमी असतो की हृद्‌रोहिणीतला चांगला मोठा दाब तिला सहज परतवून लावेल. खरी खोड उगमाशीच असते. अशा रोहिणीचे तोंड बऱ्याचदा गोल नसून चिरेसारखे असते. ती काटकोनात बाहेर न पडता तिरकी, भिंतीला घासून निघते, आणि सुरुवातीचा काही भाग महारोहिणीच्या भिंतीच्या आतूनच सरकते. लेंग्याच्या नेफ्यातून नाडी जावी तशी. व्यायामाच्या वेळी महारोहिणी ताणली की नेफा ताणला जातो आणि नाडी चपटी होते. बसलेल्या, झोपलेल्या, दवाखान्यातल्या खाटेवर पडलेल्या मुलात मात्र यातले काहीच घडत नाही.

म्हणूनच पुढचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. २००० मध्ये क्रिस्तिना बासो यांच्या इटालियन गटाने अमेरिकेतल्या मॅरन यांच्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. चुकीच्या खोबणीतून निघणाऱ्या रोहिणीमुळे मैदानावर मेलेल्या २७ तरुण खेळाडूंची माहिती त्यांनी गोळा केली होती. २५ जण खेळतानाच गेले होते, दोघे खेळ थांबल्यावर लगेच. २३ जणांत डावी रोहिणी चुकीची होती, चौघांत उजवी. त्यातल्या १२ जणांची जिवंतपणीची काही वैद्यकीय माहिती मिळाली, आणि ती डोळे उघडणारी होती. नऊ जणांचा ईसीजी काढलेला होता, नऊही नॉर्मल. सहा जणांना पट्ट्यावर दम लागेपर्यंत पळवून किंवा तशाच दुसऱ्या चाचणीने तपासले होते, सहाही नॉर्मल. दोघांचा टूडी इको झाला होता, दोन्ही नॉर्मल. आणि याच बारांपैकी दहा जणांनी मरण्याआधी तक्रार केली होती. कोणी शुद्ध हरपून पडला होता, कोणाच्या छातीत दुखले होते. इतक्या कमी आकड्यांवरून टक्केवारी काढू नये, हे मान्य. पण कल कुठे आहे हे दिसायला एवढेही पुरे आहे. यंत्रे सगळी गप्प होती आणि मुले बोलत होती. ट्रेडमिलनेही दगा द्यावा याचे नवल वाटते, पण ही वाहिनी दर वेळी दबत नाही. ती कधी, कितव्या धावेत, अंगात किती पाणी असताना दबेल याचा नेम नाही. पन्नासदा तीच शर्यत पूर्ण करणारा मुलगा एक्कावन्नाव्या वेळी पडतो. डॉक्टरांसमोरचे पळणे हे त्या पन्नासांतले एक असण्याची शक्यताच जास्त.

दुसरा प्रकार तान्ह्या बाळांचा. तो फार विरळ आहे, साधारण तीन लाख जन्मांत एक असा अंदाज दिला जातो. १९३३ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी अशा एका तीन महिन्यांच्या बाळाची हकीकत लिहिली, आणि आजही हा विकार त्या तिघांच्या नावाने ओळखला जातो. यातले पॉल डडली व्हाइट पुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हृदयविकारात डॉक्टर म्हणून जगाला माहीत झाले. त्या हकीकतीतला सर्वांत बोलका भाग तपासणीचा नाही, बाटलीने दूध पाजण्याच्या वेळेचा आहे. दूध ओढता ओढता बाळ कण्हू लागायचे, पांढरेफटक पडायचे, त्याला गार घाम फुटायचा. छातीत कळ येऊन थबकणाऱ्या प्रौढाचे जे चित्र डॉक्टर रोज पाहतात, तेच हे चित्र. तान्ह्याच्या दिवसातले सर्वांत मोठे कष्ट दूध ओढण्याचे असतात. पोलीस भरतीतल्या उमेदवाराची जशी धाव, तशी ही बाळाची धाव. गर्भात असताना आणि जन्मानंतरचे काही दिवस असे काही होत नाही, कारण तोवर फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिनीतला दाब चढा असतो आणि चुकीच्या जागी जोडलेल्या रोहिणीलाही तो पुरतो. पुढच्या आठवड्यांत हा दाब उतरत जातो. मग डाव्या रोहिणीत एक तर अशुद्ध रक्त येते किंवा काही येतच नाही. त्याहून वाईट म्हणजे उजव्या रोहिणीने जोडवाटांनी पाठवलेले चांगले रक्तही स्नायूत न मुरता, उतार सापडल्यासारखे उलटे वाहून फुप्फुसांच्या वाहिनीत निघून जाते. हे उलटे वाहणे सॅबिस्टन, नील आणि टॉसिग यांनी १९६० मध्ये शस्त्रक्रियेदरम्यान दाब मोजून दाखवले. बुडाला भोक पडलेल्या भांड्यात कितीही ओतले तरी गळते तळातून, तसा हा प्रकार.

या बाळांच्या बाबतीत तपासण्या गप्प बसत नाहीत. ईसीजीत खुणा दिसतात, छातीच्या एक्स-रेत हृदय मोठे दिसते, इकोत डावा कप्पा फुगलेला आणि दुबळा दिसतो. तरीही घोटाळा होतो, आणि तो मोठा असतो. ‘हृदयाचा स्नायू कमकुवत आहे’, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, असे निदान होऊन औषधे सुरू होतात. ज्या मुलाचा स्नायूच आजारी आहे त्याला औषधांवर ठेवण्याशिवाय फारसे काही करता येत नाही. ज्या मुलाचा स्नायू निव्वळ उपाशी आहे त्याची वाहिनी योग्य जागी जोडली, तर तोच स्नायू काही महिन्यांत पुष्कळसा सावरतो. उपचार केले नाहीत तर या विकारातली दहातली नऊ बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत असे सांगितले जाते. पूर्वी गळती थांबवण्यासाठी वाहिनी नुसती बांधून टाकत. १९७९ मध्ये जपानच्या ताकेउची यांनी फुप्फुस-वाहिनीच्या आतून बोगदा काढण्याची पद्धत सांगितली. आता शक्यतो रोहिणी मुळासकट उचलून महारोहिणीत रोवतात, रोप लावावे तशी. स्नायू आजारी असलेले मूल आणि स्नायू उपाशी असलेले मूल, दोघांचे चित्र इकोच्या पडद्यावर जवळपास सारखे असते. त्यांना वेगळे करतो तो एकच प्रश्न: डावी रोहिणी निघते कुठून? दुबळ्या हृदयाच्या प्रत्येक तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो विचारला गेला पाहिजे, असे बालहृदयरोगाची पाठ्यपुस्तके कधीपासून सांगत आहेत.

पाठ्यपुस्तके सांगतात, पण आईचे वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत त्यावर बरेच संस्कार झालेले असतात, आणि इथे आपली भाषा आपल्यावर उलटते. दूध पिताना घामाघूम होणाऱ्या बाळाला दृष्ट लागलेली असते, पोटात वारा धरलेला असतो, ‘दूध अंगी लागत नाही’. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात, बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढली जाते. तरुण पोरगा धावताना पडला तर ऊन लागलेले असते, उपाशीपोटी पळाला असतो, अशक्तपणा असतो, रात्री जागला असतो. छातीत दुखले तर गॅस, आणि गॅस नसेल तर पित्त. ‘चक्कर’, ‘भोवळ’, ‘घेरी’, ‘अंधारी येणे’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि मैदानावर हातपाय आखडून पडलेल्या मुलाला सरळ ‘फिट आली’ म्हणतो. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडले तरी शरीर झटके देते. पण एकदा ‘फिट’ हा शब्द चिकटला की मूल हृदयाच्या डॉक्टरकडे न जाता मेंदूच्या डॉक्टरकडे जाते. यात अडाणीपणा काही नाही. या स्पष्टीकरणांतली बहुतेक बहुतेकदा खरीच असतात. पण ती सगळी पडण्याचे कारण सांगतात आणि कधी पडला ते गिळून टाकतात. या विकारात अर्थ आहे तो त्या ‘कधी’ला.

मग एवढे असेल तर सगळ्या मुलांचे स्कॅनच करून टाका, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप वरवरचा नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमधल्या आंजेलिनी आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिले. ५,१६९ शाळकरी मुलांच्या हृदयांचे एमआरआय काढले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. भिंतीतून सरकणाऱ्या धोक्याच्या रोहिण्या २३ मुलांत सापडल्या: सहा डाव्या, सतरा उजव्या. साधारण सव्वादोनशे मुलांमागे एक. हा आकडा क्षणभर घाबरवतो, पण नीट पाहिला तर दिलासा देतो. सव्वादोनशेत एकात असणारा दोष जर खरोखर मारणारा असता, तर दर वर्षी प्रत्येक तालुक्यातल्या मैदानांवर मुले पडली असती. तसे होत नाही. म्हणजे ही वाहिनी घेऊन जन्मलेले बहुसंख्य लोक नातवंडे खेळवूनच जातात. आता हे आकडे बासो यांच्या २७ मृतांशेजारी ठेवा. जिवंत मुलांत उजवा दोष डाव्याच्या जवळपास तिप्पट, मृतांत डावा उजव्याच्या जवळपास सहापट. हे दोन वेगळ्या प्रकारचे गट आहेत, तेव्हा हिशेब ढोबळच आहे. पण डावा उगम चुकणे आणि उजवा उगम चुकणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे एवढे तो सांगतोच. अमेरिकी सैन्यातल्या रंगरुटांच्या पंचवीस वर्षांच्या शवविच्छेदनांचा एकार्ट यांचा २००४ चा अभ्यासही हेच सांगतो. त्रेसष्ट लाख रंगरुटांत अपघाताविना झालेले १२६ अचानक मृत्यू, त्यातल्या २१ जणांत चुकीची रोहिणी, आणि त्या एकवीसही डाव्या. सगळ्यांचे स्कॅन केले तर जे सापडेल त्यात निरुपद्रवी उजव्याच जास्त असतील. त्या मुलांचे खेळ बंद होतील, छातीत जरा दुखले की घर रात्रभर जागेल, आणि काहींच्या छातीवर गरज नसलेली सुरी चालेल.

उलट्या बाजूचा आक्षेप पीट मॅराविचच्या नावाने येतो. लुइझियाना स्टेट विद्यापीठासाठी तीन मोसमांत ३,६६७ गुण करणारा आणि पुढे दहा मोसम व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेला हा अमेरिकी खेळाडू ५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियात हौशी सामना खेळताना कोसळला. वय चाळीस. शवविच्छेदनात कळले की त्याला डावी हृद्‌रोहिणी नव्हतीच. जाडजूड झालेल्या उजवीने आयुष्यभर दोघींचे काम केले होते. एवढा दोष घेऊन कोणी जगातल्या सर्वांत दमवणाऱ्या खेळांपैकी एकात अव्वल राहू शकत असेल, तर धोक्याची भाषा कशाला? मला यातून नेमका उलटा अर्थ दिसतो. रचना तीच, पण कोण पंधराव्या वर्षी जाईल आणि कोण चाळिशीपर्यंत मैदान गाजवेल हे नुसत्या रचनेवरून ठरत नाही. रचना पाहून भविष्य सांगता येत नसेल, तर रचनेशिवाय आणखी काहीतरी हाताशी हवे, आणि तसे हाताशी येणारे एकच आहे: या माणसाला कष्टाच्या वेळी कधी काही झाले होते का?

ईसीजीच्या सक्तीचा वाद मी थोडक्यात आटोपतो, कारण तो या विकाराला बाजूनेच चाटून जातो. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो प्रांतात लाखामागे वर्षाला ३.६ असणारे खेळाडूंचे अचानक मृत्यू २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले असे कोर्रादो यांनी २००६ मध्ये दाखवले. इस्रायलने १९९७ मध्ये तसाच कायदा केला. तिथे आधी आणि नंतर फरक पडला नाही असे २०११ मध्ये छापून आले. कोणाचे खरे हे ठरायचे तेव्हा ठरो. इटलीतली घट मुख्यतः स्नायूंच्या आजारांतली होती, आणि चुकीच्या खोबणीतून निघालेली रोहिणी ईसीजीच्या कागदावर बहुधा खूण उमटवतच नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने इकोसकट तपासलेल्या ११,१६८ किशोरांपैकी पुढे हृदयविकाराने मेलेले आठ जण होते. त्यातल्या सहांची तपासणी निर्दोष ठरली होती. तपासण्या कुचकामी असतात, असा याचा अर्थ मी काढत नाही. तपासणीनंतर तक्रार झाली, तर जुना कागद दाखवून ती मिटवू नये, एवढाच काढतो.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. वयात येणारी मुले सारखी चक्कर येऊन पडतात. प्रत्येकाला हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचे का? नाही. शाळेच्या परिपाठात उन्हात वीस मिनिटे उभी राहिलेली मुलगी आधी पांढरी पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते, हळूहळू खाली बसते, आडवी झाली की दोन मिनिटांत हसते. तिचे बहुधा काही बिघडलेले नसते. खो-खोच्या डावात पूर्ण वेगात धावणारी मुलगी मध्येच, हात न टेकता, तोंडावर पडते, तिची गोष्ट वेगळी. पहिलीला पाणी द्यावे, दुसरीला तपासावे. फरक पीटीच्या सरांना सहज दिसतो, कारण तिथे हजर तेच असतात; डॉक्टरांसमोर मात्र दोघींच्या चिठ्ठीवर ‘चक्कर’ एवढेच लिहिलेले येते. परिश्रमात शुद्ध हरपणे, परिश्रमात छातीत दुखणे आणि घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलेले असणे, हे प्रश्न अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या चौदा मुद्द्यांच्या यादीत आहेत, आणि ते विचारायला वीजही लागत नाही. बासो यांच्या यादीतल्या २७ पैकी पंधरा जणांच्या जिवंतपणीच्या तक्रारीची नोंदच नाही. त्यातल्या काहींना पहिली तक्रार म्हणूनच मरण आले असेल, आणि ऐकून घेण्याने ते वाचले नसते. हा उपाय अर्धाच आहे हे कबूल करायला हवे. पण दुसरे उपाय अर्ध्यापर्यंतही जात नाहीत.

ऐकून घेतल्यावर काय करायचे, हा भाग रोजच्या व्यवहाराचा आहे. आपल्याकडच्या साध्या टूडी इकोच्या अहवालात पंपिंग किती टक्के, झडपा कशा, भिंती नीट हलतात का, हे असते. हृद्‌रोहिण्यांच्या उगमाची ओळ त्यात बहुधा नसते, कारण ती चिठ्ठीत मागितलेली नसते. मुलांच्या हृदयाचा इको करणारा सरावाचा डॉक्टर सडपातळ किशोराच्या छातीतून दोन्ही छिद्रे बऱ्याचदा दाखवू शकतो. दिसली नाहीत तर सीटी अँजिओ सगळा रस्ता उलगडून दाखवते. चिठ्ठीवर ‘पळताना शुद्ध हरपली, दोन्ही कोरोनरींचे उगम पाहावेत’ एवढे लिहिले तर पाहणाऱ्याची नजर तिथे थांबते. मुलांच्या तपासणीची यंत्रणा आपल्याकडे आधीपासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अंगणवाड्या-शाळांत फिरणाऱ्या पथकांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहेतच. पण पथक कानाला स्टेथोस्कोप लावून आवाज शोधते, आणि चुकीच्या खोबणीतली रोहिणी आवाज करत नाही. तिथे एक प्रश्न वाढवायला हवा. पोलीस भरतीच्या १,६०० मीटरच्या रांगेतही हाच प्रश्न लागू पडतो, फक्त तिथे उत्तर मिळणे कठीण. वर्षभर पहाटे उठून गावच्या रस्त्यावर सराव केलेला मुलगा ‘मागे एकदा पळताना पडलो होतो’ हे कागदावर लिहील, ही अपेक्षा भाबडी आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत भरतीच्या धावेत उमेदवार दगावले, तेव्हा ऊन, पाणी आणि अंतर यांवर चर्चा झाली, आणि ती रास्तच होती. मुलांनी आपणहून बोलावे असे वाटत असेल, तर बोलणाऱ्याला अपात्र ठरवण्याआधी तपासणीची आणि दुसऱ्या संधीची हमी द्यावी लागेल.

आणि सापडले तर इलाज आहे का? आहे, म्हणून तर एवढा खटाटोप. भिंतीच्या आतून सरकणाऱ्या वाहिनीवरचा तो नेफाच उसवून टाकतात, म्हणजे तोंड रुंद होते आणि योग्य खोबणीत येते. १९८१ मध्ये मगदी याकुब यांच्या गटाने अशी शस्त्रक्रिया वर्णिली. डावा उगम चुकलेला आणि तक्रारीही असलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करावी, यावर फारसे दुमत उरलेले नाही. बरी झालेली बरीच मुले काही महिन्यांनी पुन्हा खेळतात. उजवा उगम चुकलेला पण तक्रार नसलेल्या मुलाचे काय करावे यावर मात्र तज्ज्ञ भांडतात. शस्त्रक्रियेने काहींची महारोहिणीची झडप गळू लागते हे लक्षात घेता, ते भांडतात हेच बरे.

राहता राहिले ‘दुर्मीळ’ या शब्दाचे. एखादी गोष्ट क्वचित घडते म्हणून दुर्मीळ असते, किंवा क्वचित शोधली जाते म्हणून. आपल्याकडे तरुण माणूस अचानक गेला की बातमीत एक वाक्य ठरलेले असते: मृत्यूचे कारण स्पष्ट न झाल्याने व्हिसेरा राखून ठेवला. विष असेल तर रासायनिक तपासणीत कळेल. वाहिनीचे तोंड कुठे होते ते राखून ठेवलेल्या अवयवांच्या त्या बरणीतून कळायचे नाही. हृद्‌रोहिण्या तपासताना त्या तीन-तीन, चार-चार मिलिमीटरवर आडव्या चिरत जातात, मुख्यतः आत गाठ किंवा चरबी आहे का हे पाहायला. वीस वर्षांच्या मुलात तशी गाठ सहसा नसते. उगम पाहायचा तर महारोहिणी झडपेच्या थोडे वर आडवी कापून आतून धुऊन घ्यावी लागते, तिन्ही खोबणी उघड्या कराव्या लागतात, आणि दोन छिद्रे मोजून, कोणते कोणत्या खोबणीत, गोल की चिरेसारखे, हे लिहावे लागते. कामाला पाच मिनिटे लागतात. ती दिली नाहीत तर कागदावर ‘हृदयविकाराचा झटका’ असे लिहून घरच्यांना कागद दिला जातो, आणि घरचे पुढची कित्येक वर्षे त्या मुलाच्या खाण्यापिण्याचा, व्यसनांचा आणि जागरणांचा हिशेब मांडत राहतात.